दिलेलं पाणी

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की दरोगाजी आधी पाणी मागत. रामराम नंतर, बसणं त्याहून नंतर. उंबऱ्यातूनच हाक असे, "पाणी आणा हो कोणी, कोरडा ठाक आलो." मग मान मागे टाकून, तांब्या वीतभर उंच धरून, ओठ न लावता सगळं पाणी घशात ओतायचं, डोळे मिटून क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा.

बुऱ्हाणपुरात पाण्याला कूळ असतं. बादशाही काळात बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याचं पाणी जमिनीखालून एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत झिरपत गावाकडं येतं, आणि आमच्याकडची माणसं त्या पाण्याबद्दल सोयरीक जुळवताना बोलावं तसं बोलतात. दरोगाजींना तर प्रत्येक कुंडीची चव वेगळी ओळखू येई, असं त्यांचं म्हणणं. "हे तिसऱ्या कुंडीचं." "हे इतवाऱ्यातल्या आडाचं, थोडं जड आहे." "हे तापीचं, गाळून घेत जा."

माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या सिंधीपुऱ्यातल्या खोलीवर आले. बायकोनं परसातल्या आडाचं पाणी दिलं. दरोगाजींनी डोळे मिटले, मिशीवरून पालथा हात फिरवला आणि म्हणाले, "वा! तिसरी कुंडी! लक्ष्मी आहे व माय तुझ्या हाताले." ती तोंडाला पदर लावून आत पळाली. तेव्हापासून आमच्या दाराशी आले की त्यांची हाक ठरलेली, "तिसरी कुंडी आण व माय!" आणि ती हसू दाबत त्याच आडाचं पाणी आणी.

ही गंमत मी आधी सांगितली, कारण पुढचं सांगायला मला बरीच वर्षं लागली आहेत. त्या माणसाची नोकरी माझ्यामुळं गेली. माझ्या हातून एक वस्तू हलली आणि माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. गावात आजही कुणी विचारलं तर लोक सांगतात, म्हातारपणी विसरले आणि घात झाला. विसरले नव्हते.

दरोगाजी नगरपालिकेच्या बंबखान्याचे, म्हणजे आग विझवणाऱ्या दलाचे, मुख्य. कागदावर त्यांचा हुद्दा काहीतरी दुसराच होता, पण गावाला ते दरोगा. उंच, वाकलेले, मिशीला काळा रंग लावणारे. डोक्यावर पितळी टोप, तो कामावर तर असेच, पण लग्नाकार्यातही असे. बोलावणं असो नसो, मोठ्या लग्नात ते आचाऱ्याच्या भट्टीपासून चार हातांवर खुर्ची टाकून बसत. एका यजमानानं त्यांना पंगतीत बसलेल्या लोकांसमोर टोमणा मारला, "काय दरोगाजी, जेवायला आलात की विझवायला?"

"जेवायलाच आलोय शेठ," दरोगाजी म्हणाले. "विझवावं लागलं तर जेवता येणार नाही ना, म्हणून भट्टीवर नजर ठेवून बसलोय."

पंगत हसली. पण ते थट्टेनं बोलत नव्हते. तो त्यांच्या बंबखान्याचा नियम होता. ज्या घरात बंबवाल्यानं पाणी मारलं त्या घरचं पाणी त्यानं प्यायचं नाही. त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही. "दिलेलं पाणी परत घेत नसतात," एवढंच ते सांगत. हा नियम कुणी केला, कधी केला, माहीत नाही. नियम होता म्हणून त्यांची माणसं पाळत, आणि ते स्वतः तर तो इतका कडक पाळत की इतवाऱ्यातल्या एका कापडाच्या दुकानाची आग विझवल्यावर, भर वैशाखात, दुकानदार स्वतः वाळ्याच्या सरबताचा पेला घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला, तरी त्यांनी हात जोडले. ओठ फुटलेले, भुवया जळलेल्या. शेजारची गल्ली ओलांडून पलीकडच्या एका अनोळखी दारात गेले आणि तिथं ओरडले, "पाणी आणा हो कोणी!"

बंबखान्यात 'आग' हा शब्द उच्चारायला बंदी होती. आगीला 'पाहुणी' म्हणायचं. धावत कुणी वर्दी घेऊन आला की दरोगाजी विचारत, "पाहुणी कुठं उतरली?" वर्दी देणारा बावचळून जाई. एकदा एका माणसानं खरंच सांगितलं, "अहो पाहुणी नाही, माझं छप्पर पेटलंय!" तेव्हा दरोगाजी पट्टा आवळता आवळता म्हणाले, "तेच भो तेच, ओरडून तिचा मान वाढवू नको."

आणि इतिहास! आमच्या दलाचा इतिहास म्हणजे दरोगाजींचं तोंड. पाहुणा बदलला की इतिहास बदले. कुणाला सांगत, हा हातपंप एका इंग्रज कलेक्टरनं गावाला नजर केला. कुणाला सांगत, लढाईवरून आला, याच्यावर गोळीची खूण आहे. ती खूण बैलगाडीची होती. खंडव्याहून आलेल्या एका साहेबानं दल केव्हापासून आहे असं विचारलं, तर दरोगाजींनी छाती काढून सांगितलं, "बेगमसाहेबांच्या हमामाला पाहुणी लागली, तेव्हापासून."

"पर हमाम में तो पानी होता है," साहेब म्हणाले.

"तभी तो बुझी, साहब."

खरा इतिहास साधा होता आणि तो गुलाबभाईच्या घरात होता. गुलाबभाई दरोगाजींचा उजवा हात. त्याचे वाडवडील भिश्ती. गावात पंप नव्हता तेव्हा कुठं पेटलं की भिश्ती चामड्याच्या पखाली पाठीवर घेऊन धावत. पुढं नगरपालिकेनं हातपंप आणला आणि तो मारायला त्याच भिश्त्यांना आणि बाजारातल्या हमालांना ठेवलं. गुलाबभाईच्या घरात एक जुनी पखाल खुंटीला होती. दरोगाजींना बेगमेचा हमाम जास्त आवडे. गुलाबभाई म्हणे, "अरे दरोगाजी, हमारे दादा को भी थोडा मौका दो." दरोगाजी म्हणत, "तुझ्या दादाले कोणी पाहिलं? बेगमेले सगळे ओळखतात."

मी या लोकांतला नव्हतो. मी आमच्याच गावच्या लालबागेतल्या गिरणीच्या बंबावर पंप चालवायला होतो. गिरणीचा बंब मोटारीचा, लाल रंगाचा, विलायती. आम्हाला खाकी कपडे, बूट, महिन्यातून दोनदा कवायत. नगरपालिकेचे लोक धोतरं खोचून येत. एखाद्या मोठ्या आगीला दोघेही पोचले की आम्ही आमच्या बाजूनं विझवायचो, ते त्यांच्या. बोलणं नव्हतं. आमच्यातले लोक त्यांना 'पखालवाले' म्हणत आणि मीही म्हणायचो.

मग नवं राज्य झालं. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, कचेरीतली मराठी हळूहळू हिंदी झाली, आणि वरून हुकूम आला की गावात आता वेगवेगळे बंब नकोत, सगळ्यांचं मिळून एक दल करा. गिरणीचा बंब आणि आम्ही माणसं नगरपालिकेत वर्ग झालो. मुख्य कोण, यावर बरीच कुजबुज झाली. शेवटी वयाला मान देऊन दरोगाजींनाच ठेवलं, पण तात्पुरतं. मोठे साहेब पाहणी करून पक्कं ठरवतील, असं सांगण्यात आलं. हे तात्पुरतेपण दरोगाजींना फार लागलं होतं. वरून ते म्हणत, "राजधानी कुठंही न्या, विहिरी इथंच राहू द्या म्हणजे झालं." पण त्या दिवसांत मिशीचा रंग दर आठवड्याला ताजा होऊ लागला.

आम्ही गिरणीवाले पहिल्या दिवशी बंबखान्यात गेलो तेव्हा ते टोप घालून दारात उभे होते. आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळून ओरडले, "गुलाब, वरपक्ष आला रे! बूट घालून आलाय!" त्या दिवसापासून आम्ही वरपक्ष आणि त्यांची माणसं वधूपक्ष. मी पंपावरचा, नव्यानं लग्न झालेला, म्हणून मी 'जावईबापू'. "जावईबापू रुसले का? चहा पाजा रे." "जावईबापूंच्या पंपाले आज सर्दी झाली वाटते." मला राग येई. नंतर येईनासा झाला. आता वाटतं, त्या हाकेइतकं मला त्या नोकरीत दुसरं काहीच मिळालं नाही.

खरी अडचण पाइपांची होती. नगरपालिकेचे पाइप एकमेकांना जोडायचे ते फिरवून, बाटलीच्या झाकणासारखे, चुडी आवळून. आमच्या गिरणीच्या पाइपांना खटका होता. तोंडात तोंड घातलं की खट्कन बसायचं. चुडीचा पाइप खटक्याच्या पाइपाला लागत नसे, काही केल्या. दल एक झालं होतं, पण पाणी या बाजूचं त्या बाजूला जात नव्हतं. वर कळवलं. उत्तर आलं की लवकरच सगळं साहित्य एका प्रकारचं मिळेल. लवकरच.

दरोगाजी एके दिवशी दोन्हीकडचे तुकडे घेऊन गावातल्या एका तांबटाकडं गेले आणि तिथंच ठाण मांडून बसले. त्यांनी त्याच्याकडून एक पितळी कडं ओतून घेतलं. एका अंगाला चुडी, दुसऱ्या अंगाला खटका, धरायला दोन कान. बंबखान्यात ते कडं टेबलावर ठेवून म्हणाले, "हा व्याही. दोन्ही घरांशी याचं जमतं. याच्याशिवाय लग्न लागत नाही."

लग्न लागलं. पहिल्यांदा आमच्या पंपाचं पाणी व्याह्यातून जाऊन त्यांच्या पाइपातून उडालं तेव्हा वधूपक्ष नाचला. बंबखान्यापुढून जाणारे लोक भिजले. दसऱ्याला दरोगाजींनी हत्यारांची पूजा केली तेव्हा टोपाशेजारी व्याह्याला बसवलं, हळदकुंकू वाहिलं, लाल धागा बांधला. मग तो पंपाच्या पेटीत, माझ्या हाताखाली ठेवला. "हा जावईबापूंच्या ताब्यात," ते म्हणाले. "सासऱ्यापेक्षा जावयावर माझा विश्वास जास्त."

मोठ्या साहेबांची पाहणी ठरली. आदल्या दिवशी मी पंप पुसून काढत होतो. पेटी उघडली. आत सगळं विलायती, एका मापाचं, चकचकीत, आणि मधोमध तो गावठी ओतीव गोळा, कुंकवानं लडबडलेला, धागा लटकणारा. साहेब काय म्हणतील, या विचारानंच माझे कान तापले. यांना बंबखाना म्हणायचं की देवघर, असं कुणीतरी म्हणेल असं मला वाटलं. माझ्या मनात दरोगाजींचं वाईट करायचं नव्हतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता त्यातलं किती खरं तेही कळत नाही. मी व्याही कपड्यात गुंडाळला, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकला आणि घरी नेला. बायकोला म्हणालो, "ठेव कुठंतरी." परवा परत आणू, असं ठरवलं होतं.

पाहणी झकास झाली. दोन्ही पंप आवारातच चालवून दाखवायचे होते, ज्याचे पाइप त्यालाच जोडून. साहेबांनी विचारलं, "सब सामान एक जैसा हो गया?" दरोगाजी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मीच टाच जुळवून म्हणालो, "जी साहब, सब एक जैसा." दरोगाजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं असावं, जावई आपली लाज राखतोय.

साहेब विश्रामगृहात जेवायला गेले. आम्ही सावलीत बसलो होतो. गुलाबभाई साहेबांच्या चालीची नक्कल करत होता. आणि वर्दी आली. लालबागेच्या वाटेवर, एका जिनिंगच्या आवारात पाहुणी उतरली.

कापसाची आग पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. ती आधी दिसतच नाही, आतून चालत येते. आम्ही पोचलो तेव्हा एका गोदामाच्या पत्र्याखालून धूर नुसता वाहत होता. हौद कोरडा होता. पाणी होतं रस्त्यापलीकडं, केळीच्या बागेतल्या विहिरीत. मी आमचा पंप विहिरीवर लावला. आमचे सगळे पाइप एकाला एक लावले, खट् खट् खट्. ते आवाराच्या भिंतीशी संपले. पुढं वधूपक्षाचे पाइप जोडायचे होते. गुलाबभाई चुडीचं तोंड हातात धरून तयार उभा होता.

दरोगाजींनी पेटीत हात घातला. मग वाकून आत पाहिलं.

"जावईबापू, व्याही कुठंय?"

घर सिंधीपुऱ्यात. सायकल होती. मी 'घरी आहे' म्हणालो असतो तर कुणीतरी उडी मारून गेलं असतं. उशीर झाला असता, पण व्याही आला असता. साहेब जेवण टाकून आले होते आणि माझ्यामागंच उभे होते. नुकतंच मी त्यांना सांगितलं होतं, सब एक जैसा.

मी म्हणालो, "तुमच्याकडंच होता ना, दरोगाजी. पूजेला तुम्हीच नेला होता."

पूजा दसऱ्याला झाली होती. तो पेटीत माझ्या हाताखाली होता हे सगळ्या वधूपक्षाला माहीत होतं. दरोगाजी माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. फार वेळ नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हो. माझ्याकडंच राहिला. विसरलो."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही पाइपांची तोंडं एकमेकांवर टेकवली, पंचा करकचून गुंडाळला आणि त्या जोडावर छाती टेकून पालथे पडले. "चालव पंप," म्हणाले. मी चालवला. अर्धं पाणी त्यांच्या अंगाखालून फवारून उडत होतं. टोप निघून लांब गेला. मिशीचा काळा रंग ओघळून हनुवटीवर आला होता. पुढं जे पाणी जात होतं ते गोदामाच्या दारापर्यंत कसंबसं पोचत होतं.

गोदामाला लागून असलेल्या छपराखाली गाडीवानांचे बैल बांधलेले होते. पाइपाचं पाणी तिकडं वळवता येत नाही हे दिसल्यावर गुलाबभाई बादली डोक्यावर उपडी करून आत शिरला. बैल बाहेर आले. गुलाबभाईच्या अंगावर छपराची लाकडी कैची कोसळली. त्याला ओढून काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता आणि शिव्या देत होता. पाय मात्र दवाखान्यात कापावा लागला.

चौकशी अशी फारशी झालीच नाही. साहेबांनी विचारलं, दरोगाजींनी तेच उत्तर दिलं. विसरलो, वय झालं. त्यांना घरी बसवलं. बंबखाना माझ्या हाती आला, कारण खटक्याच्या पंपाचं मला कळत होतं आणि पाहणीत मी साहेबांच्या डोळ्यात भरलो होतो.

व्याही मी फेकू शकलो असतो. तापी काही लांब नाही. पण त्या आठवड्यात एके संध्याकाळी घरी आलो तर बायकोनं त्याला काम दिलं होतं. कुंकू घासून काढलं होतं, धागा तोडला होता, आणि पाण्याची कळशी त्याच्यावर ठेवली होती. गोल बुडाची कळशी लवंडत असे, आता बसली होती. ती म्हणाली, "बरं आणलंत हे कडं. भंगारातलं ना?" मी हो म्हणालो. ते काढायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी कमी बोलणारा माणूस आहे, असं लोक म्हणतात. लोकांना वाटतं तो स्वभाव आहे.

दरोगाजींनी इतवाऱ्यात एका निंबाखाली पाणपोई घातली. रांजण, वर ओलं फडकं, टोप डोक्यावर. बंब त्या रस्त्यानं निघाला की उभं राहून ओगराळं उंच धरून सलामी देत. आमची माणसं ओरडत, "दरोगाजी, पाहुणी इतवाऱ्यात नाही, बसा!" मी समोर रस्त्याकडं पाहत राही. त्यांच्या पाणपोईचं पाणी मी कधी प्यालो नाही.

गुलाबभाईनं कुबडी घेऊन बंबखान्यासमोर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. रोज सकाळी मी आलो की पंक्चरच्या पाण्यातून हात काढून म्हणे, "सलाम, इनचार्ज साहब." बंबखान्यात चहा आला की मी त्याच्यासाठीही पाठवी, कधी स्वतः नेऊन देई. "अभी पी," तो म्हणे, म्हणजे आत्ताच घेतला. आमच्या पोरांच्या किटलीतला घेई, शेजारच्या शिंप्याचा घेई. मी विचारलं की, "अभी पी." मला वाटे, स्वाभिमानी आहे.

मुलगी झाली. बारशाला बायकोनं मला न विचारता दरोगाजींना निरोप धाडला. बारशाच्या गर्दीत ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, दुपारी, उन्हातून पायी. घरी आम्हीच. बायको बाळाला घेऊन पुढं झाली. मी उठून उभा राहिलो आणि वाट पाहत राहिलो त्या हाकेची. ती हाक आली की सगळं आधीसारखं होईल, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

दरोगाजी दारातच थांबले होते. त्यांची नजर आमच्या मोरीशेजारच्या पाण्याच्या जागेवर होती. चिंचेनं घासलेलं पितळ कळशीखाली लखलखत होतं, दोन्ही कान बाहेर काढून.

"चांगलं घासते व माय," ते म्हणाले.

"ह्यांनीच आणलं, तुमच्या बंबखान्याच्या भंगारातलं," ती कौतुकानं म्हणाली. "बसा ना दरोगाजी, तिसरी कुंडी आणते."

ती कळशीकडं वळली. दरोगाजींनी हात वर केला.

"नको व माय."

"अहो, एवढ्या उन्हातून आलात! आमच्याकडं तर तुम्ही आल्या आल्या मागायचे."

"मागत होतो." ओठांवरून त्यांनी जीभ फिरवली. घसा सुकलेला आवाजातच कळत होता. "आता तुमच्या घरचं नाही मागता येत. दिलेलं पाणी परत घेत नसतात."

मग त्यांनी बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं, ते सोडवून घ्यायला त्यांना जरा वेळ लागला. माझ्याकडं वळून म्हणाले, "येतो, जावईबापू." शेजारच्या दारात त्यांचा आवाज आला, "पाणी आणा हो कोणी, कोरडा ठाक आलो!"

बायको तांब्या घेऊन तशीच उभी होती. "काय हो, आपल्या घराला कधी आग लागली होती?"

"नाही," मी म्हणालो. "वय झालंय त्यांचं."

म्हणजे तेही मी त्यांच्या वयावरच ढकललं.

दरोगाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाइप सगळे एका मापाचे आले, व्याह्याची गरज उरली नाही. पोरांना चुडीवाले आणि खटकेवाले म्हणजे काय हेही ठाऊक नाही. यंदा बंबखान्याची नवी इमारत होते आहे. नगरपालिकेनं मला सांगितलं, तुम्ही जुने, दलाचा इतिहास लिहून द्या, आणि काही जुन्या वस्तू असतील तर काचेच्या कपाटात ठेवू. मी लिहिलं. भिश्ती, हातपंप, गिरणीचा बंब, दलांचं एकत्रीकरण. दरोगाजी एका ओळीत आले, आणि त्या ओळीत 'विसरले' असा शब्द मीच लिहिला होता. तो वाचून पाहिला आणि लेखणी पुढं चालेना.

मी कळशी उचलून खाली ठेवली आणि व्याही काढला. बायको म्हणाली, "अहो, आता कळशी कशावर ठेवू?" तेव्हा तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी मी त्यांना याच कळशीतलं देत होते." आणि आत गेली.

व्याही पिशवीत घालून मी गुलाबभाईच्या दुकानात गेलो. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. मी त्याच्यासमोर पालथ्या डब्यावर बसलो, कडं त्याच्या हातात दिलं आणि बोललो. साहेबांपुढचं, पेटीचं, सायकलचं, सगळं. पायाचं बोलताना मला वर पाहता आलं नाही.

तो कडं फिरवून फिरवून पाहत होता. चुडीवरून बोट फिरवलं, खटका दाबून पाहिला. अजून चालत होता.

"मालूम है," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं? दरोगाजींनी?"

"उन्होंने क्या बताना. पेटी तुम्हारे हाथ में थी, हम सब वहीं खडे थे." त्यानं ट्यूब परत पाण्यात बुडवली. "दवाखाने में आए थे वो. मैंने कहा, सबको बोल दूँगा. बोले, नया घर है रे गुलाब, जल जाएगा. बस इतना ही बोले. फिर मैं भी नहीं बोला."

रस्त्यावरून शाळेची पोरं गेली. गुलाबभाईनं व्याही आपल्या तेलकट फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"काँच में मत रखना, काला पड जाएगा. भाभी को बोलो, इमली से घिसती रहे."

मी उठलो. काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि इतकं बोलून झाल्यावर दुसरं काही सुचेना. म्हणालो, "गुलाबभाई, चहा मागवू?"

त्यानं मान वर केली नाही. ट्यूबमधून जिथं बुडबुडे येत होते तिथं अंगठा दाबून धरला होता.

"अभी पी," तो म्हणाला.